सोलापूरहून आणलेलं कफन

शमीम आपा गेल्या त्या दिवशी माझा भाऊ कफनाचं तयार पाकीट आणायला नळदुर्गहून सोलापूरला निघाला, तेव्हा मला रडू यायच्या आधी संतापच आला. मोहल्ल्यातल्या बायांची कफनं ज्या बाईनं कापली, तिला हे पाकिटातलं? पण कापणार कोण! त्यांच्याकडं शिकलेल्या पोरी केव्हाच पुण्याला गेल्या होत्या.

आपा माझी चुलत बहीण, वयानं बरीच मोठी. "नळदुर्गात नुसत्या ब्लाउजवर पोट भरत न्हाय गं," म्हणायच्या. म्हणून बाळाचं झबलं, नवरीचा शरारा, ट्रकवाल्यांच्या सीटची कव्हरं, सगळं दुकानातल्या त्या एकाच मशीनवर. कुणाकडं मयत झाली की कात्री घेऊन निघायच्या, बोलावण्याचीही वाट बघायच्या नाहीत. पुढं बाजारात रेडीमेड आलं, काम आटलं आणि आपा नवऱ्यासोबत पुण्याला कपड्यांच्या कारखान्यात गेल्या. ईदला आल्या तेव्हा मी विचारलं, "काय शिवता तिथं?"

"कॉलर."

"आणि?"

"कॉलरच... तिथं पुरा शर्ट कुणीच शिवत न्हाय. कापणारे तर लई लांब बसतात."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. अशी कितीतरी वर्षं गेली.

नवरा वारल्यावर परत आल्या. दुकान पुन्हा उघडायचं म्हणून मशीनला तेलपाणी केलं. पहिलाच ब्लाउज खांद्यात बिघडला. "व्वा, पुण्याची कारागीर!" लोकांना काय, जिभेला हाड नसतं. मग आमची खाला, आईची बहीण, वारली. आपांनी कापड अंथरलं, कफनातली ओढणी फाडून बाजूला ठेवली, कात्री गळ्याच्या घडीपाशी नेली आणि त्या तिथंच थांबल्या. "ब्लाउज उसवता येतो गं. हे चुकलं तर खालाला काय तोंड दाखवू?" कात्री खाली ठेवून त्या भिंतीशी जाऊन बसल्या. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा पाकीट आलं. दुकानाचं नाव आपांनी पुन्हा काढलं नाही. आम्हीही नाही.

आपांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी त्यांची पेटी उघडली. वर जुन्या चादरींचे तुकडे होते, प्रत्येकाला मधोमध गळा कापलेला... एक वाकडा, एक फार खोल, एक अर्ध्यातच सोडलेला. किती तरी तुकडे. कधी बसत होत्या कापायला, कुणाला कळलं नाही. तळाशी नवं कोरं पांढरं कापड होतं, ओढणीसकट सगळं कापून घडी घातलेलं. उलगडून बघितलं. गळा सरळ, पहिल्यासारखा. आपांच्याच मापाचा.

आणि आम्ही सोलापूरला गाडी पाठवली होती.