दोन दिवसांसाठी बंद केलेली झाडलोट

धाकटीने फोन टेबलावर उपडा ठेवला, पालीवर वाटी पालथी घालावी तसा, आणि खुर्ची मागे सरकवली.

"तायडे, तो परत आलाय."

थोरलीने चहा खाली ठेवला. 'तो' म्हणजे धाकटीचा आधीचा नवरा. माणूस आला नव्हता, त्याचे निरोप आले होते. सकाळी फोन उघडला तर चारशेच्या चारशे, जसेच्या तसे, शिव्यांसकट. वर्षापूर्वी याच टेबलाशी बसून धाकटीने ते एकेक करून पुसले होते. थोरलीनेच तेव्हा छातीठोकपणे सांगितलं होतं, की आमच्याकडे पुसलं म्हणजे गेलं, माझ्यावर सोड.

"तुझ्यावर सोडलं होतं," धाकटी एवढंच म्हणाली.

थोरलीला ऑफिसात सगळे कोठीवाली म्हणत. कोट्यवधी लोक ज्या सेवेवरून एकमेकांना निरोप नि फोटो पाठवत, त्या सेवेचा सगळा माल जिथे राहतो ती जागा तिने उभी केली होती. सेवा लहान होती तेव्हा सगळं संगणकांच्या मेमरीत मावायचं. लोक वाढले, मेमरी पुरेना, तेव्हा तिने माल डिस्कवर हलवला. मेमरीत उरला फक्त प्रत्येक निरोपाचा क्रमांक आणि तो डिस्कवर कुठे पडलाय त्याचा पत्ता. बिल्ला दाखवा, सामान घ्या, तसं क्रमांक द्या, निरोप घ्या. हे ऐकून आई म्हणाली होती, म्हणजे तू कोठी सांभाळतेस तर. तिने ते ऑफिसात सांगितलं आणि नाव चिकटलं.

कोठीची एक रीत होती. नवीन लिहायचं ते कायम शेवटी, जुन्या मालाला हात लावायचा नाही. म्हणून तर ती इतकी झटपट चाले. कुणी काही पुसलं तरी माल जागच्या जागी पडून राही. फक्त मेमरीतून त्याचा पत्ता निघे आणि एका वेगळ्या फायलीत चिठ्ठी पडे, की अमुक क्रमांक मेला. मग रोज झाडलोट होई. चिठ्ठ्या बघत बघत जिवंत तेवढं नव्या फायलीत उचलायचं आणि जुनी फाइल अख्खी फेकून द्यायची.

ऑफिसात पोचताच तिने पहिल्यांदा झाडलोटीची नोंद उघडली. बंद. चौदा महिने बंद. बंद करणाऱ्याच्या रकान्यात तिचंच नाव.

मग आठवलं. गर्दीच्या दिवसांत झाडलोटीने डिस्क गुंतून पडत, सेवा रेंगाळे, म्हणून तिने ती थांबवली होती. दोन दिवसांसाठी. सेवा अशी काही पळायला लागली की साहेब वेगाच्या आलेखाच्या प्रेमात पडले, आणि ती स्वतः चक्क विसरली. चिठ्ठ्या मात्र दहा दिवस झाले की आपोआप फेकल्या जात राहिल्या. एव्हाना झाडलोट झालीच असणार, असं धरून चाललेला तो नियमही तिचाच. काल यंत्रं बंद करून पुन्हा चालू केली. मेमरीतली यादी डिस्क वाचून नव्याने तयार झाली, आणि ज्याची चिठ्ठी उरली नव्हती ते प्रत्येक मढं उठून बसलं.

ती डिस्कच्या खोलीत गेली. डिस्कच्या कपाटांच्या या रांगांचा तिला केवढा अभिमान. आज मागच्या बाजूची गरम हवा तोंडावर आली आणि कुणी अगदी नाकाशी येऊन श्वास सोडावा तसं तिला झालं. किती जणांनी काय काय रडत पुसलं असेल, आणि ते सगळं इथे आंबत पडलेलं.

साहेब पेनच्या टोपणाने कान कोरत ऐकत होते. नऊशे तक्रारी आल्या होत्या. बॅकअपमध्ये जुन्या चिठ्ठ्या आहेत, त्या आणून झाडलोट करू, असं ती म्हणाली. आठवडाभर सेवा रखडेल हेही तिने लपवलं नाही. साहेबांना ते मुळीच पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पडद्यावर दिसणार नाही एवढी सोय करा, माल राहू दे. लोकांना कळवायचं, की पुसलेलं आमच्याकडे नव्हतंच, दाखवण्यात गडबड झाली. खाली सही कोठीवालीची.

"पण ते आहे, साहेब."

"असू दे ना. तुमच्या घरात येऊन बसलंय का?"

"बसलंय," ती म्हणाली.

साहेबांनी टोपण निरखलं, पँटला पुसलं आणि ते परत पेनाला लावून पेन तिच्यापुढे धरलं. तिला शिसारी आली. पण त्याहून जास्त शिसारी तिला स्वतःची आली, कारण क्षणभर, अगदी क्षणभर, ती सोय तिलाही बरी वाटून गेली होती.

पेन तिने घेतलं नाही. जागेवर येऊन चिठ्ठ्या परत आणायला लावल्या, त्या जुळल्याची खात्री केली आणि झाडलोट सुरू केली. बंद करताना कुणाला विचारलं नव्हतं, चालू करतानाही विचारलं नाही. नऊशे जणांना तिने खरं काय ते लिहिलं: माल आमच्याकडे होता, झाडलोट मी बंद ठेवली होती. भर दुपारी सेवा गोगलगाय झाली. साहेब येऊन बरंच बोलले. कोठी दुसऱ्याच्या हाती जाणार हे तिला त्यातल्या पहिल्याच वाक्यात कळलं. फक्त हे काम संपेपर्यंत तिला हलवणं त्यांनाही परवडणार नव्हतं.

आठव्या दिवशी धाकटीला शेजारी बसवून तिने त्या निरोपांचे क्रमांक कोठीला विचारले. एकेक. दर वेळी उत्तर आलं, सापडलं नाही. मग फायलींची यादीही दाखवली, जुनी फाइल त्यात नव्हतीच. मग म्हणाली, "झाडलोट मीच बंद केली होती. विसरले."

धाकटीने फोन उचलला, त्यातून ती सेवाच काढून टाकली.

"तुझ्या कोठीत मला पुन्हा काही ठेवायचं नाही, तायडे."

"नकोच ठेवूस," थोरली म्हणाली आणि हात धुवायला उठली.