आधी नाजूका पडली पाहिजे

कुंदा माझ्याशी शेवटचं जे बोलली, ते ऐकून रामदासपेठेतल्या दवाखान्यातली नर्स दारातच थबकली होती. "ओट्यावरचं जहर कोणाले सांडू नको देऊ वं, मास्तरीणबाई. पिकू दे त्याले चांगलं." नाकात नळी, आवाज पार खोल गेलेला, आणि बाईंचं सगळं लक्ष घरच्या जहराकडे! मी नर्सला म्हटलं, "घाबरू नका, झाडांसाठी आहे." ती आणखीच घाबरली. कुंदा हसली... आणि मग बराच वेळ खोकत राहिली. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. आठवड्याच्या आत तिच्या मुलीचा, स्नेहलचा फोन आला, "मावशी, आई गेली."

सक्करदऱ्याला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी शाळेत मराठी शिकवायची. बुरशी म्हणजे लोणच्यावर येते ती, एवढंच माझं ज्ञान. कुंदा कृषी महाविद्यालयात पिकांच्या रोगांवर काम करायची आणि तुरीवरची 'मर' ही तिची जन्माची वैरीण. ऐन फुलोऱ्यात आलेली तूर या रोगानं उभ्या उभ्या वाळते. मी एकदा म्हणून बसले, मग पाणी द्यावं की! झालं, तिनं ओट्याशीच माझा तास घेतला. "पाणी आहे वं जमिनीत. बुरशी मुळातून आत शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत ठाण मांडते अन् तिथं जहर सोडते. ओल्या मातीत उभं राहून झाड तहानेनं मरते." मग हळूच म्हणाली, "पण सगळेच नाही मरत. कोणाकोणाच्या अंगात ते जहर पचवाची ताकद असते. तेच झाड मले पाहिजे."

तसं एक झाड तिला सापडलंही होतं. मर लागून वाळलेल्या एका शेतात ते एकटंच हिरवं उभं होतं. त्याच्या शेंगा पदरात बांधून ती घरी आली आणि पुढं दरवर्षी त्याच्याच बियांतून निवडत राहिली. त्या तुरीचं नाव तिनं ठेवलं 'उभी'. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा स्वयंपाकघरात आली. बटाट्याच्या पाण्यात साखर घालायची, लाल फीत बांधलेल्या कुकरमध्ये ते बाटलीसकट उकळून निर्जंतुक करायचं, गार झालं की त्यात मरीची बुरशी सोडायची. (फीत असलेल्या कुकरात ती भात लावत नाही, याची खात्री करून घेतल्यावरच मी तिच्याकडे पुन्हा जेवायला लागले.) बुरशी चांगली माजली की ती गाळून टाकायची. उरलेल्या पाण्यात फक्त विष. ते चहाच्या काचेच्या ग्लासांत ओतायचं आणि तुरीची कोवळी रोपं मुळं धुऊन त्यात उभी करायची.

ग्लास दोन. एकात 'उभी'. दुसऱ्यात मरीला हमखास बळी पडणारी एक जुनी तूर, तिचं नाव नाजूका.

यंदा एका सकाळी बघते तर उभीची सगळी रोपं ताठ! मी चौकात जाऊन पेढे घेऊन आले. कुंदानं पेढ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं दुसरा ग्लास माझ्यापुढे सरकवला. नाजूकाही ताठ उभी होती, वर नवं पान काढून. "जहरच मेलं वं," कुंदा म्हणाली. "बुरशी बाटलीत आयतं खाऊन आळशी झाली. मग उभी उभी राहिली, त्यात काय कौतुक? आधी नाजूका पडली पाहिजे. मगच पेढे." एवढ्या महिन्यांची मेहनत तिनं मोरीत ओतली. रडले मी.

दुसऱ्याच दिवशी मला ओढत कळमन्याला घेऊन गेली. धान्यबाजारात लोक तुरीचा भाव विचारत होते, ही विचारत होती की यंदा कोणाची तूर वाळली. शेवटी एक म्हातारा शेतकरी वैतागला. "बाई, लोकं चांगलं बियाणं मागतेत. तुम्ही मेलेलं झाड काहून मागून राहिल्या?"

"मारणाऱ्यालेच भेटाचं आहे गा मले," कुंदा म्हणाली. त्याच्या शेतावर जाऊन वाळलेलं झाड मुळासकट घेऊनच ती परतली. त्यातून काढलेली ताजी, खाष्ट बुरशी तिनं बाटल्यांत सोडली आणि त्याच आठवड्यात छातीचं जुनं दुखणं बळावून तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, तिला आदरांजली वाहायला, बुद्धविहार भरून गेला होता. कोणी तिला सोशिक म्हटलं, कोणी मृदू. मला राग आला. कुंदा मृदू नव्हती. खोटं यश समोर आलं तर त्याला घराबाहेर काढायचा कडकपणा तिच्यात होता आणि तोच मला तिच्यात सगळ्यात जास्त आवडायचा.

दुसऱ्या दिवशी स्नेहल पुण्याला परतायच्या आधी घर आवरत होती. मी गेले तेव्हा एक बाटली मोरीत रिकामी झाली होती. दुसरी तिच्या हातात. "मावशी, किती वास येऊन राहिला! बुरशी आहे सगळी." मी ती बाटली अक्षरशः हिसकावली. मग बसून तिला सगळं सांगितलं. तिनं फोन काढला आणि रजा वाढवली.

कुंदाच्या डब्यातलं दोन्ही तुरींचं बी आम्ही वाळूत पेरलं. रोपांना पानं फुटली तशी ती उपटली, मुळं धुतली, बाटलीतलं पाणी गाळलं, ग्लास मांडले. कुंदाला इतक्यांदा पाहिलं होतं की माझे हात आपोआप चालत होते. संध्याकाळी स्नेहल ओरडली, "मावशी, उभी ताठ आहे!" मी मान फिरवली नाही. "आधी नाजूका बघ."

नाजूकाही ताठ होती.

बाटली दुसरी नव्हती, बीही फारसं उरलं नव्हतं... सकाळी दार उघडून आत गेले तर स्नेहल ओट्याशी उभी. नाजूकाच्या रोपांनी माना टाकल्या होत्या, पानं ग्लासाच्या काठावर लोंबत होती. शेजारच्या ग्लासात उभी. एका रोपाचं खालचं पान तेवढं लवलं होतं, बाकी शेंड्यापर्यंत हिरवीगार. मेलेल्या रोपांकडे बघून आम्ही दोघी टाळ्या पिटत होतो आणि रडत होतो. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे.

एका ग्लासानं काही ठरत नाही, हे कुंदा लगेच म्हणाली असती. म्हणून उरलेलं बी आणि बाटलीत मागे राहिलेली बुरशी तिच्या महाविद्यालयातल्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे आम्ही सोपवणार आहोत. दोन्ही ग्लास मात्र तिथंच राहतील, ओट्यावर, खिडकीजवळ. लाल फितीचा कुकरही.

त्या सकाळी मी चपला घालायला लागले तसं स्नेहलनं विचारलं, "कुठं चालल्या, मावशी?"

"पेढे आणाले."

"आत्ता? आईला जाऊन महिनाही नाही झाला. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे," मी म्हटलं. "नाजूका पडली."