बाबांनी कापलेला फोन

बाबांचा जुना मोबाइल कपाटात सापडला आणि इस्रायलमधल्या पेताह तिक्वाचं ऑफिस आठवलं. पुण्याची नवी मोबाइल कंपनी आमची यंत्रणा घेणार की दुसऱ्यांची, हे त्या दिवशी ठरणार होतं. पुण्याहून आलेले पाहुणे मला म्हणाले, “तुमच्या घरीच फोन लावून दाखवा की!”

साताऱ्याला बाबांना लावला. दोन रिंग, आणि कट. पुन्हा लावला, पुन्हा कट.

“मा कारा? काय झालं?” आमच्या इस्रायली साहेबांचा चेहरा उतरला. मग माझ्या लक्षात आलं. दोन रिंग म्हणजे मी खुशाल, मग बाबांनी कापायचा म्हणजे पैसे वाचतात, ही आमच्या घरची पद्धत. बाबा इमानेइतबारे फोन कापत होते.

पाहुणे हसले. “आमची आईपण अशीच कापते. लाइन उत्तम आहे!”

तेव्हा वाटत होतं, बाबांनी एकदा तरी उचलावा. आज त्यांनी नुसता कापला तरी चालेल.