बगाची पत्रं लावणारी रुद्राणी

२००१ साली बीडला सुभाष रोडवर, कल्याणरावांच्या कापड दुकानाच्या माडीवर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. चार कॉम्प्युटर, त्यातले दोन चालू. क्लास काढला होता त्यांच्या सुनेनं, रुद्राणीनं. मी तिच्याकडे टायपिंग शिकवायचे. रुद्राणी लातूरकडची, गणितात बी.एस्सी. बोलायला लागली की समोरचा चहा निवून जायचा.

त्या वर्षी तिला एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनं झपाटलं होतं. जगभरचे लोक मिळून ते बनवत होते आणि त्यात मराठी अक्षरं नुकतीच दिसू लागली होती. फक्त 'दुसऱ्या', 'तऱ्हा' असे शब्द आले की त्यातला र मोडायचा. रुद्राणीनं ई-मेलनं तक्रार कळवली. अशा चुकीला ते लोक बग म्हणत. प्रत्येक बगाला नंबर मिळायचा आणि त्यावरचा सगळा पत्रव्यवहार एका प्रोग्राममध्ये साठायचा. आमच्या बगाला नंबर मिळाला त्या दिवशी तिनं मला भेळ खाऊ घातली.

मग महिनाभर सामसूम. एके सकाळी इंटरनेटवरचं आमच्या बगाचं पान कधी नव्हे ते पूर्ण उघडलं, आणि रुद्राणी ताडकन उभी राहिली.

"अंजना, हे बघ! 'तुम्ही कोणता फाँट वापरता' म्हणून एकानं तीन आठवड्यांपूर्वी विचारलंय. उत्तर आलं न्हाई म्हणून बग बंदसुद्धा केला! मला पत्र कुठं आलं?"

आलंच नव्हतं. तो प्रोग्राम नवी पत्रं फक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना पाठवायचा. बाकीच्यांनी पान उघडून बघत राहायचं. आमच्या फोनलाइनवर पान अर्धं यायचं आणि लाइन तुटायची. ई-मेल मात्र कसंही करून पोचायचं.

तिनं आधी आमचा बग परत उघडून घेतला. मग तो प्रोग्राम सांभाळणाऱ्या नेदरलँडच्या योहानला लिहिलं, की ज्याला हवी त्याला बगावरची पत्रं ई-मेलनं घेता आली पाहिजेत. योहानचं उत्तर दोन ओळींचं होतं. कल्पना चांगली आहे, पण कुणाला सवड नाही. तुम्ही लिहून पाठवा, मी बघतो.

"अगं, तो मला म्हणतोय, तूच कर!"

"पण तुला येतं का ते?"

"न्हाई ना! म्हणूनच लई मजा येणार!"

मूळ प्रोग्राम उतरवून घ्यायला चार सकाळी गेल्या. तो ज्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होता तिची माहिती तिनं कागदावर छापून घेतली आणि पेन्सिलीनं खुणा करत ती भाषा शिकून घेतली. तिसऱ्या आठवड्यात एकदा कल्याणराव तणतणत जिना चढून आले. दुकानाचा आणि क्लासचा फोन एकच होता.

"रुद्राणी, कावून सकाळधरनं फोन लागंना? सोलापूरच्या व्यापाऱ्याशी बोलायचं हाय मला."

"पाचच मिंटं, मामा. तुमी बसा तर. आपण पेपर लावतो की न्हाई, तसं करायलेय मी. ज्याला ज्या बगाचं पडलंय त्यानं त्या नंबरावर एक पत्र टाकायचं, की पुढची सगळी पत्रं त्याच्या घरी. नको झालं की दुसरं पत्र टाकायचं, बंद!"

कल्याणराव स्टुलावर टेकले. "आन माझ्या नावानं दुसऱ्यानंच लावलं तर?"

"कोण लावंल असं?"

"लावत्यात की. मला कुणीतरी चावटपणानं टकलावर केस उगवायचं मासिक लावलतं. वर्षभर आलं. पोस्टमन हसायचा माझ्याकडं बघून."

मला हसू आवरेना. रुद्राणीनं मात्र पेन्सिल उचलली. "मग काय करायला पायजे होतं, मामा?"

"काय म्हंजे? आधी माणसाला इचारायचं, बाबा, तूच लावलास का?"

तिनं कपाळावर हात मारला आणि फोन इंटरनेटला अडकलेला तसाच ठेवून कीबोर्डकडे धावली. आता पत्र आलं की प्रोग्राम लगेच नाव लावणार नव्हता. तो आधी एक गुप्त आकडा घातलेलं पत्र त्या माणसाला पाठवणार, आणि त्याचं उत्तर आलं तरच पुढचं. आमच्या दोन कॉम्प्युटरवर तपासायला गेलो, तर दोघे एकमेकांच्या पोचपावत्यांना पोचपावत्या धाडत बसले. शेवटी मी बटणच बंद केलं. मशिननं आपोआप पाठवलेल्या पत्राला उत्तर द्यायचं नाही, हाही नियम तिनं मग घातला.

योहाननं तिचं काम तीनदा परत पाठवलं. दोनदा तिनं मुकाट्यानं दुरुस्त्या केल्या. तिसऱ्यांदा तो म्हणाला, ते खात्रीचं पत्र काढून टाका, लोक कंटाळतील. रुद्राणीनं त्याला सासऱ्यांच्या मासिकाची हकिकत सविस्तर लिहिली, टकलासकट. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: खात्रीचं पत्र राहू द्या.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी सकाळी ती सोय सुरू झाली. रुद्राणीनं आमच्याच बगाला पहिलं पत्र टाकलं. खात्रीचं पत्र आलं. तिनं उत्तर धाडलं. 'तुमचं नाव लागलं' असं कळलं. आम्ही दोघी पडद्याला नाक लावून बसलो. तासाभरानं आणखी एक पत्र येऊन पडलं. फिनलंडच्या कुणा मुलीनं लिहिलं होतं, की र कुठं मोडतो ते मला सापडलंय.

रुद्राणी एवढ्यानं ओरडली की खालची गिऱ्हाइकं जिन्यात आली.

"काय झालं? शॉक बसला का?" कल्याणराव धापा टाकत म्हणाले.

"मामा, पत्र आलं! आपोआप आलं! पान उघडावं लागलं न्हाई!"

दसऱ्यापर्यंत आमचा र सुधारला. तोवर त्या सोयीनं कितीतरी देशांतल्या लोकांनी आपापले बग लावून घेतले होते. मग योहाननं विचारलं, प्रोग्रामचा ई-मेलचा सगळा भाग तुम्हीच सांभाळाल का?

"काम काय काय असतं, ते तरी विचार आधी," मी म्हटलं.

तोवर तिनं 'हो' लिहून पाठवलंही होतं.