पुढे सहा मीटर

मी मुळातच भित्रा. पाइप तपासायची नोकरी अशा माणसाला कुणी दिली, देव जाणे.

काशीगावच्या एका कापड रंगवायच्या डाइंग कारखान्यात गरम तेलाची लांबलचक लाइन होती. रविवारी कारखाना बंद असताना मी ती तपासली. पाइपभोवती एक रिंग आवळायची. तिच्यातून सुटलेल्या लहरी पाइपच्या पत्र्यातूनच दोन्ही बाजूंना धावतात आणि पत्रा जिथे गंजून पातळ झालाय, तिथून माघारी येतात. लॅपटॉपवरच्या आलेखात तसा उंचवटा दिसताच मी ओरडलो, "काका, पुढे सहा मीटर! खडूने खूण करा." काका म्हणजे कारखान्याचे फिटर, मूळचे रायगडचे, गोडदेवला राहणारे. टेप ओढत गेले आणि खूण करून आले.

सोमवारी सकाळी पूनम सागर वसाहतीतल्या माझ्या घरी रिपोर्ट लिहायला बसलो. आलेखात खराब जागेच्या अलीकडे वेल्डिंगचा जोड दिसत होता. काकांनी खूण केली त्या बाजूला मात्र जोडच नव्हता, हे मला पक्कं आठवत होतं. आमच्या धंद्यात पुढे म्हणजे रिंगवरच्या बाणाकडे. बाण होता बॉयलरकडे आणि खूण झाली होती गेटच्या बाजूला.

त्याच सकाळी काका खुणेची जागा टाळून रिंगच्या पलीकडे, बॉयलरच्या बाजूला पाइपला टेकू वेल्ड करणार होते, तेही आत गरम तेल वाहत असताना. म्हणजे नेमकं पातळ पत्र्यावर. मी फोन लावत सुटलो, ते उचलेनात. रिक्षा पकडली. त्या उकळत्या तेलाखाली मला काकाच दिसत होते, आणि रिक्षावाला आपला निवांत गिअर बदलत होता.

पोचलो तेव्हा ते शिडीवर चढून तोंडावर काच ओढत होते. मी बोंबललो. ते उतरले. त्या जागेची जाडी मोजली, तर भोक पडायचंच काय ते बाकी होतं.

काकांचा चेहरा पांढराफटक झाला. "साहेब, तुम्ही पुढं म्हणालात. आम्ही तर गेटलाच पुढं म्हणतो."

तेवढ्यात मॅनेजर आले. चूक कुणाची, त्यांनी विचारलं. बाण कुठे आहे हे सांगायचं काम माझं होतं, खूण तपासायचंही माझंच. पण नोकरी जाईल या भीतीने मी जाडी मोजायचं यंत्र पुसत राहिलो.

"माझ्याच ऐकण्यात चुकलं, साहेब," काका म्हणाले.

मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.