जुन्या आवृत्तीवरच्या मुली

खराडीच्या एका कंपनीत असताना माझ्याकडे एक छोटं प्लगिन होतं. लिहिण्याच्या एका प्रोग्रामला ते जोडलं, की पडद्यावरचा मराठी मजकूर मोठ्याने वाचला जायचा. मूळ प्रोग्राम दुसऱ्यांचा. त्याच्या नवनव्या आवृत्त्या यायच्या, आणि आमचं प्लगिन नव्यावरही चालावं नि जुन्यावरही, हे बघणं माझं काम.

प्लगिनच्या एका अपडेटच्या वेळी मॅनेजरांनी जुन्या आवृत्त्यांवरची तपासणी रद्द केली. मी मेल लिहून विरोध केला. उत्तर आलं नाही, अपडेट मात्र गेलं.

दुसऱ्याच दिवशी वाघोलीहून फोन आला. अंध मुलींच्या शाळेतल्या संगणकाच्या बाई बोलत होत्या. आवाज शांत होता. "अहो, आपलं प्लगिन कालपासून मुकं झालंय. सोमवारी परीक्षा आहे. आपण काही केलंत का?"

केलं होतं. मी मॅनेजरांकडे गेले. ते म्हणाले, त्यांना नवी आवृत्ती घ्यायला सांग. शाळेचे संगणक देणगीत आलेले, जुने. नवी आवृत्ती त्यांच्यावर बसतच नाही, हे मी सांगितलं. "मग नवे संगणक घ्या म्हणावं," असं म्हणून ते पुन्हा फोनमध्ये बघू लागले.

दुपारी मी वाघोलीला गेले. मुली हेडफोन लावून गप्प यंत्रांसमोर बसल्या होत्या. दहावीतली एक मुलगी तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. मी कोण ते बाईंनी सांगितल्यावर तिने विचारलं, "माझंच काही चुकलं का?" तुझं काही चुकलं नाही, एवढंच मी म्हणाले. परतताना खराडीपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं.

दुखणं साधं होतं. जुन्या आवृत्तीत नसलेली एक सोय आमचं प्लगिन मागत होतं आणि न मिळाल्यावर बंद पडत होतं. आधी आवृत्ती विचारायची, जुनी असेल तर पूर्वीच्या पद्धतीने वाचायचं, इतकीच दुरुस्ती. ती मी केली आणि जुन्या आवृत्तीवर तपासून घेतली. तरीही मॅनेजर ती पाठवू देईनात. मीटिंगमध्ये म्हणाले, जुन्याचं ओझं किती दिवस वाहायचं?

"नका वाहू," मी म्हणाले. "पण आधी सांगा, आणि त्यांना जुन्या प्लगिनवर राहू द्या. त्यांचं नीट चाललं होतं. आपण न विचारता ते मोडलंय."

मग विक्री विभागाच्या बाईंनी विचारलं, ही तक्रार बाहेर गेली आहे का? अजून नाही, पण जाईल, असं मी म्हटलं. लगेच परवानगी मिळाली. मुली अडल्या म्हणून नव्हे. बोभाटा होईल म्हणून.

शुक्रवारी दुरुस्ती गेली. बाईंचा फोन आला. "वाचतंय आता. पुढच्या वेळी मोडण्याआधी कळवत चला."

पुढे कंपनीच्या बातमीपत्रात मॅनेजरांचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, दृष्टिहीन विद्यार्थिनींसाठी आम्ही जुन्या आवृत्त्यांचीही काळजी घेतो. जेवताना शेजारच्या सहकाऱ्याने मला ते कौतुकाने दाखवलं. मी डबा तसाच बंद केला आणि राजीनामा लिहायला बसले.