मूकपटातली बुढी आणि माझी खोटी मान

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी तिने मले काहीतरी सांगितलं, आणि समजलं नसताना मी हो म्हणून मान हलवली. लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच. पण आधी बुढीचं सांगावं लागेल. बिनआवाजाचं बोलणं आमच्या घरात तिनेच आणलं.

बुढी म्हणजे बायकोच्या आईची मावशी. भंडाऱ्याकडची. पोरवयात नाटक कंपनीसोबत पळाली, मुंबईत मूकपटात लागली. सात-आठ सिनेमे केले, बहुतेकांत रडायचंच काम. आवाज कोणाला ऐकू जाणार नव्हता, म्हणून नवरा मेल्याचा सीन असला तरी ती कॅमेऱ्यासमोर "आज वांगे करपले वो बाई" म्हणत रडायची. पाहणारे डोळे पुसायचे. मग बोलपट आला. सिनेमाच्या मालकाने तिला दोन वाक्यं म्हणायला लावली. तिचं मले-तुले ऐकून सारे हसले आणि काम गेलं. तिचे सिनेमे कुठे जळाले, कुठे सडले, एकही राहिला नाही. ती इकडे दुर्ग शहराले भाचीकडे, म्हणजे माझ्या सासूकडे, येऊन पडली आणि मरेपर्यंत तिथे भांडी घासली. माझी बायको तिच्याच मांडीवर वाढली. दोघी ओठांनी आणि डोळ्यांनी बोलत. घरच्या माणसांच्या चुगल्या त्यांच्याच तोंडासमोर करत.

मी पोलादाच्या प्लांटात, लोखंड लाटायच्या मिलमध्ये होतो. लोखंडाच्या आवाजात कान गेले. आमची मिलवाल्यांची एक वाईट खोड आहे. ऐकू आलं नाही तरी मान हलवायची, कोण घडी-घडी विचारत बसतो. बायको मग बुढीसारखी ओठ उघडून सावकाश सांगायची. तरी मी खोटी मान हलवली की लगेच पकडायची.

"काय म्हटलं मी? सांगा बरं."

सांगता आलं नाही की वाढलेलं ताट मागे ओढायची.

दवाखान्यात तिच्या घशात नळी होती. नळी हलू नये म्हणून तोंडावर चिकटपट्टी, अर्धे ओठ त्याच्याखाली. तिने माझ्याकडे पाहून ते हलवले. थांबली, परत हलवले. मले काहीच कळलं नाही आणि माझी मान हलली. या वेळी तिने पकडलं नाही. खरं मानलं आणि डोळे मिटले.

पोरीने विचारलं, आई काय म्हणाली. तुलेच आशीर्वाद दिला, असं सांगितलं. खोटं सांगितलं.

काय कबूल केलं ते माहीत नाही, तरी अंदाजाने एकेक करून राहिलो. तिच्या साड्या तिच्या बहिणीला दिल्या. दुर्गच्या मोहन नगरात तिच्या माहेरच्या देवीची ओटी भरली. तंबाखू सोडला. फिटलं असं वाटत नाही.

सकाळी चहा ठेवला की ती ओट्यापाशी उभी दिसते. तोंडावर पट्टी तशीच, ओठ हलून राहिलेले. मी मान हलवत नाही.

"नाई समजलं वं," म्हणतो. "पुन्हा सांग."

ती पुन्हा सांगते.